स्थानिक प्रक्षेपण : बाजारपेठेचे की वस्तीचे?

(बंगळूरच्या महादेवपुरा भागातील मराठी भाषक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

वृत्तपत्र हे केवळ प्रचारक नसून सामुदायिक संघटक असते, ही लेनिनची शिकवण प्रत्येक सभासदाच्या कानावर पहिल्याच अभ्यासवर्गात पडते. परंतु ज्या वस्त्यांतून पक्षाला काम करावयाचे आहे, तेथे वृत्तपत्र पोहोचण्याच्या कितीतरी आधी आवाज आणि चित्र पोहोचलेले असते. म्हणून तो आवाज कोणाचा आहे, त्याची केंद्रे कोणाच्या मालकीची आहेत, आणि ज्यांच्याविषयी तो बोलतो त्यांना उलट बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हे प्रश्न कामगार चळवळीला परके नाहीत. आजच्या व्याख्यानाचा विषय आहे लहान प्रदेशासाठी चालणारी नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रे.

या विषयावर भांडवली जगात एक ठरीव शब्दप्रयोग रूढ झाला आहे : ‘लहान बाजारपेठ’. एखाद्या गावात, उपनगरात किंवा तालुक्यात किती माणसे राहतात, ती कोणती भाषा बोलतात, त्यांचे दुःख कोणते, हे या शब्दात येत नाही. जाहिरात ऐकून वस्तू विकत घेऊ शकतील अशी किती माणसे तेथे आहेत, एवढेच त्यात मोजले जाते. ज्याच्या खिशात पैसा नाही तो या मोजणीतून वगळला जातो. तेव्हा मुद्दा सुरुवातीलाच स्पष्ट केलेला बरा. एखादे केंद्र स्थानिक आहे की नाही, हे त्याच्या मनोऱ्याच्या उंचीवरून किंवा प्रक्षेपकाच्या शक्तीवरून ठरत नाही. तेथे राहणाऱ्या माणसाला त्या केंद्रावरून बोलता येते की नाही, यावरून ते ठरते. या कसोटीवर गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास तपासून पाहावा लागेल.

ज्या हातांनी प्रक्षेपक घडविले

महादेवपुरा हे नाव आज संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारतींशी जोडले जाते. परंतु या भागाच्या वेशीवरच, जुन्या मद्रास रस्त्यावर, दूरवाणीनगर आहे. स्वतंत्र भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातील पहिल्या उद्योगांपैकी एक, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९४८ साली येथे उभा राहिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला जालहळ्ळी येथे १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली. या कारखान्यात १९६४ पासून आकाशवाणीसाठी आणि १९७२ पासून दूरदर्शनसाठी प्रक्षेपक तयार होऊ लागले. देशाच्या कानाकोपऱ्यात जो आवाज पोहोचला, तो पोहोचविणारी यंत्रे बंगळूरच्या कामगारांच्या श्रमातून निर्माण झाली. याच शहरातील सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांनी १९८० च्या डिसेंबरपासून ७७ दिवसांचा ऐतिहासिक संप लढविला. प्रक्षेपक घडविणारे हात आणि प्रक्षेपकावरून बोलणारे तोंड यांच्यामध्ये केवढी दरी होती, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही.

या प्रदेशातील नभोवाणीचा आरंभ सरकारने केला नाही, तसाच व्यापाऱ्यानेही केला नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसा प्रक्षेपक बसविला आणि त्या केंद्राला ‘आकाशवाणी’ असे नाव दिले. पुढे संपूर्ण राष्ट्राच्या नभोवाणीने तेच नाव धारण केले. राष्ट्राने नाव स्वीकारले. घरातून, गावातून बोलण्याची ती पद्धत मात्र स्वीकारली नाही. गोऱ्या सत्तेला लोकांच्या हाती प्रक्षेपक नको होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हा पोलिसांनी त्याचा माग काढून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो बंद पाडला. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली, पण तारायंत्राचा १८८५ सालचा वसाहतवादी कायदा आणि त्यामागील संशयी दृष्टी कायम राहिली. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीसाठी गुप्त केंद्र चालविले. त्या कामाचा यथोचित गौरव झाला. परंतु लोकांनी स्वतः केंद्र चालवावे हे तत्त्व शांततेच्या काळात मान्य झाले नाही.

प्रक्षेपक लहान, आवाज दिल्लीचा

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, त्याची आठवण येथे उपयुक्त आहे. अमेरिकेच्या उपग्रहाची मदत घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. रायचूरच्या शेतमजुराला कन्नड कार्यक्रम दिसू लागला, ही गोष्ट निश्चितच महत्त्वाची होती. पण तो कार्यक्रम तयार होत होता हैदराबादच्या निर्मितिकेंद्रात. खेडे प्रेक्षक होते, निर्माता नव्हते.

याच्या उलट दिशेने जाणारा एक प्रयोग त्याच काळात गुजरातेत झाला. खेडा जिल्ह्यातील पीज येथे अवघ्या एक किलोवॉटचा प्रक्षेपक उभारण्यात आला आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने गावोगाव जाऊन शेतमजुरांच्या, दलितांच्या, स्त्रियांच्या जीवनावरचे कार्यक्रम त्यांच्याच बोलीत, त्यांनाच पात्रे करून तयार केले. किमान वेतन मिळत नाही, सावकार लुबाडतो, सरकारी अधिकारी ऐकत नाही, या गोष्टी पडद्यावर आल्या. या प्रयोगाला १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. परंतु तो देशाचा नमुना झाला नाही, आणि पुढे पीजचे केंद्र बंद करण्यात आले. ग्रामीण सत्तासंबंधांवर बोट ठेवणारे केंद्र कितीही लहान असले तरी सत्तेला ते मोठेच वाटते.

देशाने स्वीकारला तो दुसरा मार्ग. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्र आले. १९८४ च्या उत्तरार्धात तर जवळजवळ दररोज एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहू लागले. जिल्ह्याच्या गावी मनोरा उभा राहिला, फीत कापली गेली, भाषणे झाली. मात्र तेथे ना कार्यक्रमगृह होते, ना वार्ताहर. दिल्लीचा संदेश झेलून तो आसपासच्या प्रदेशात पसरविणे, एवढेच त्या यंत्राचे काम. लोखंड स्थानिक होते, शब्द स्थानिक नव्हता. म्हणूनच २०२२ पर्यंत हे बहुतेक सर्व भूस्थित प्रक्षेपक बंद करण्यात आले, तेव्हा फारसा कोणी त्यांच्यासाठी रस्त्यावर आला नाही. ज्या केंद्रावरून माणूस कधी बोललाच नाही, ते बंद पडल्याचे त्याला दुःख का व्हावे?

याच्या तुलनेत आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा अनुभव पाहावा. २०२३ च्या जूनमध्ये तेथील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला. लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ओरड केली, आणि त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली. जेथे स्थानिक बातमी खरोखर दिली जाते, तेथे तिचे रक्षण करणारेही निर्माण होतात.

१९९४ चा धडा

सार्वजनिक प्रक्षेपणाची बाजू घेताना त्याच्या केंद्रित, नोकरशाही स्वरूपावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. बंगळूरचा १९९४ सालचा अनुभव या बाबतीत कठोर आहे. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला बंगळूर दूरदर्शनवर सायंकाळच्या कन्नड बातम्यांना लागूनच दहा मिनिटांचे उर्दू वार्तापत्र सुरू करण्यात आले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. भाषेचा प्रश्न पुढे करून विरोध उभा राहिला, आणि पाहता पाहता त्याला जमातवादी दंगलीचे स्वरूप आले. सुमारे पंचवीस माणसे प्राणास मुकली. त्यांतील बहुसंख्य गरीब मुसलमान वस्त्यांतील होती. वार्तापत्र मागे घेण्यात आले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. उर्दू बोलणारा बंगळूरचा कामगार हाही कर देणारा, घाम गाळणारा नागरिक आहे. त्याला त्याच्या भाषेत बातमी मिळणे हा त्याचा हक्क होता आणि तो नाकारणे हा अन्यायच होता, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, हा हक्क कोणत्याही लोकशाही चर्चेविना, निवडणुकीच्या हिशेबाने, वरून आणला गेला. त्यामुळे त्याच्या रक्षणासाठी कन्नड आणि उर्दू कामगारांची संयुक्त फळी उभी राहू शकली नाही. एकच वाहिनी, तिच्यावरील वेळेचे काही मोजके तास, आणि त्या वेळेचे वाटप करणारे अधिकारी दूर कोठेतरी. अशा टंचाईत श्रमिकांच्या भाषा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी बनविल्या जातात. परराज्यात राहणाऱ्या मराठी सभासदांनी हा धडा विशेषकरून मनात ठेवला पाहिजे. महादेवपुऱ्यात मराठी ही अल्पसंख्याकांची भाषा आहे. तिचा मान कन्नडचा मान राखूनच टिकणार आहे, आणि उर्दूवर, तेलुगूवर, ओडियावर जो न्याय लागू होतो तोच तिला लागू होणार आहे.

लिलावाची हवा

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात एक मूलगामी निर्णय दिला. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठीच झाला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. सरकारी मक्तेदारीचे समर्थन न्यायालयाने केले नाही. त्याचबरोबर खाजगी मक्तेदारीपासूनही सावध केले. राज्यकर्त्यांनी या निर्णयाचा सोयीचा तेवढा भाग उचलला. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे लिलावात काढता येण्याजोगी मालमत्ता, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. ३ जुलै २००१ रोजी देशातील पहिले खाजगी एफ.एम. केंद्र सुरू झाले, आणि ते याच बंगळूर शहरात. सामुदायिक रेडिओसाठीचा ‘बंगळूर जाहीरनामा’ मात्र १९९६ सालीच, म्हणजे पाच वर्षे आधी, याच शहरात तयार झाला होता. व्यापाऱ्याला परवाना आधी मिळाला. लोकांच्या संस्थांना तो मिळण्यास नोव्हेंबर २००६ उजाडावे लागले.

लहान शहरांच्या बाबतीत हीच नीती आजही चालू आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० खाजगी एफ.एम. वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. त्यांची राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये ठरविण्यात आली. ‘स्थानिक आशय’ आणि ‘मातृभाषा’ असे शब्द या निर्णयाबरोबर वापरले गेले. पण लिलावात बोली लावणार कोण? गावातील शिक्षक, बिडी कामगारांची सहकारी संस्था, की महानगरातील प्रसारमाध्यम कंपनी? शिवाय २०११ च्या धोरणाने कंपनीला आपल्या जाळ्यातील केंद्रांवर एकच कार्यक्रम जोडून देण्याची मुभा दिली आहे. म्हणजे जाहिरात गावची, आणि निवेदक दूरच्या शहरातील, ही व्यवस्था शक्य झाली.

तारेवरच्या दूरचित्रवाणीत हेच झाले. १९९१ नंतर गल्लोगल्ली केबलचालक उभे राहिले. त्यांच्यात गुंड होते, राजकारण्यांचे बगलबच्चे होते, तसे प्रामाणिक कारागीरही होते. अनेकांनी एक वाहिनी राखून तिच्यावर गावची बातमी, गणेशोत्सव, नगरपालिकेची सभा दाखविण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रातील अनेक मध्यम शहरांत या स्थानिक वाहिन्यांनी आपले स्थान निर्माण केले. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर संख्यांकीकरण सक्तीचे झाले. बंगळूरसह ३८ शहरांत त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. नव्या यंत्रसामग्रीचा खर्च लहान चालकाच्या आवाक्याबाहेरचा होता. तो मोठ्या वितरकाचा वसुली कारकून बनला. पुढे २०१८ साली हॅथवे आणि डेन या दोन बड्या केबल कंपन्यांवर रिलायन्सने ताबा मिळविण्याचा करार केला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात रिलायन्स व डिस्ने यांच्या दूरचित्रवाणी व्यवसायांचे विलीनीकरण पूर्ण झाले. तार, वाहिनी आणि मोबाईल जोडणी एकाच भांडवलाच्या छत्राखाली आली. मक्तेदारीच्या नियमाची याहून स्पष्ट उदाहरणे पाठ्यपुस्तकातही सापडणार नाहीत.

हा क्रम अटळ मात्र नव्हता. केरळात लहान केबलचालकांनी एकत्र येऊन स्वतःची वितरणसंस्था उभी केली आणि बड्या वितरकांना तोंड दिले. त्याच राज्यात सामान्य लोकांकडून भागभांडवल जमवून १७ ऑगस्ट २००० रोजी कैरळी वाहिनी सुरू झाली. संघटना असेल तेथे भांडवलाला वाट अडवता येते.

महादेवपुरा, जानेवारी २०२०

आता या भागातीलच एका घटनेकडे वळावयाचे आहे, कारण संपूर्ण प्रश्नाचे मर्म तिच्यात आहे.

बेळ्ळंदूरजवळचे करियम्मन अग्रहार हे ठिकाण महादेवपुरा विधानसभा मतदारसंघात मोडते. काचेच्या इमारती झाडणारे, घरकाम करणारे, पहारा देणारे, बांधकामावर राबणारे स्थलांतरित श्रमिक तेथे पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या खोपट्यांत राहत होते. १२ जानेवारी २०२० रोजी मतदारसंघाच्या तत्कालीन भाजप आमदारांनी समाजमाध्यमावर एक चित्रफीत प्रसिद्ध करून या वस्तीत बेकायदा बांगलादेशी असल्याचा संशय पसरविला. तोच आरोप वृत्तवाहिन्यांवरूनही फिरला. नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीवरून देशभर आंदोलन पेटलेले ते दिवस होते. एका आठवड्याच्या आत यंत्रे आणि पोलीस आले, आणि शंभराहून अधिक खोपटी जमीनदोस्त झाली. उद्ध्वस्त झालेल्यांत आसाम, त्रिपुरा आणि बंगालमधील भारतीय नागरिक होते, तसेच खुद्द उत्तर कर्नाटकातून आलेले कन्नड श्रमिक होते. त्यांच्याजवळ मतदार ओळखपत्रे होती, आधारपत्रे होती. ती पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली; न्यायालयाने पुढील पाडापाडी रोखली आणि पोलिसांनी हे कोणत्या अधिकारात केले याचा जाब सरकारला विचारला. तोवर संसार उघड्यावर आले होते.

ज्या उत्तर कर्नाटकात १९७५ साली उपग्रहाने शिक्षण पोहोचविण्याचे स्वप्न पाहिले गेले, तेथील माणसे पंचेचाळीस वर्षांनंतर पोटासाठी या शहरात आली, आणि पडद्यावर परदेशी म्हणून दाखविली गेली. त्या पंचेचाळीस वर्षांत त्यांच्याविषयी बोलणाऱ्या वाहिन्या शेकडो झाल्या. त्यांना बोलू देणारी एकही झाली नाही.

त्याच वर्षी, याच जुन्या मद्रास रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे दुसरी घटना घडली. ॲपल कंपनीचे फोन जोडणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी थकलेल्या आणि कापलेल्या वेतनावरून कामगारांचा उद्रेक झाला. फुटलेल्या काचांची चित्रे दिवसभर पडद्यावर फिरत राहिली. नुकसान ४३७ कोटींचे, असा पहिला आकडा सर्वत्र गाजला. काही दिवसांतच कंपनीने स्वतःच हा अंदाज खाली आणला. नवा आकडा २६ ते ५२ कोटींच्या घरातला होता. शासकीय तपासणीत वेतन आणि कामाच्या तासांविषयीच्या नियमांचा भंग आढळला, आणि ॲपलनेच १९ डिसेंबरला विस्ट्रॉनला नवे काम देणे थांबविले. काच फुटलेली सर्वांनी पाहिली. वेतनपत्रक कोणी पाहिले?

कायद्याची विसंगती

येथे विचारावयाचा प्रश्न सरळ आहे. करियम्मन अग्रहारात शंभर वॉटचे एखादे सामुदायिक रेडिओ केंद्र असते, तर त्यावरून तेथील स्त्रीला ‘हे पाहा माझे ओळखपत्र, मी यादगीरची आहे’ असे सांगता आले असते काय? प्रचलित नियमांप्रमाणे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. २००६ च्या धोरणाने सामुदायिक रेडिओला बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम मनाई केले. पुढे आकाशवाणीच्या बातम्या ऐकविण्याची सवलत मिळाली, एवढेच. खाजगी एफ.एम.लाही स्वतःची बातमी नाही. २०११ च्या धोरणाप्रमाणे स्थानिक प्रशासनाने पुरविलेल्या पाणी, वीज वगैरेंच्या सूचना त्याला देता येतात. म्हणजे पालिकेने नळाला पाणी कधी सोडले हे सांगता येते. पालिकेने घर का पाडले हे विचारता येत नाही. उपग्रहवाहिनीला मात्र रात्रंदिवस बातमीचा परवाना आहे.

अफवेला पंख आणि खुलाशाला बेड्या, हे या कायद्याचे प्रत्यक्ष रूप होय.

दुसरी विसंगती वर्गीय आहे. त्याच धोरणाने राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी संलग्न विद्यार्थी, महिला व कामगार संघटना यांना सामुदायिक रेडिओसाठी अपात्र ठरविले. भांडवलदाराने पक्षाला देणगी द्यावी, आपल्या वाहिनीवरून त्या पक्षाचा जयजयकार करावा, आणि तरीही ‘अराजकीय उद्योजक’ म्हणून लिलावात उतरावे. कामगार संघटनेने मात्र शंभर वॉटचा प्रक्षेपकही मागू नये!

तिसरी गोष्ट या शहराच्या कारभाराची. महादेवपुऱ्याची स्वतंत्र नगरपालिका २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाली. तेथील नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि पुढील पाच वर्षे निवडणूकच झाली नाही. जेथे प्रभागात निवडलेला प्रतिनिधी नाही, तेथे गाऱ्हाणे सांगण्याची दुसरी जागा अधिकच निकडीची ठरते.

लोकांनी करून दाखविले आहे

हे सारे कल्पनारंजन आहे, असे कोणी म्हणू नये. महादेवपुऱ्याहून पूर्वेकडे, कोलार जिल्ह्यातील बुडिकोटे गावात २००१ साली ‘नम्म ध्वनी’ हे केंद्र सुरू झाले. हवेतून प्रक्षेपणाचा परवाना मिळत नव्हता, म्हणून तेथील तरुण-तरुणींनी कार्यक्रम तारेवरून घरोघर पोहोचविले. तेलंगणातील पस्तापूरच्या परिसरात, माचनूर गावी, दलित स्त्रियांच्या संघमने २००८ च्या ऑक्टोबरात स्वतःचे ‘संघम रेडिओ’ केंद्र सुरू केले. बियाणे, जमीन, औषधी वनस्पती या विषयांवर तेथे शेतमजूर स्त्रियाच बोलतात. महाराष्ट्रात त्याच वर्षी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा जेथे नांदतात त्या सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळ येथून ‘येरळावाणी’ चालते. यांतील बहुतेक प्रयत्न स्वयंसेवी संस्थांचे आहेत; त्यांच्या मर्यादा आहेत, देणगीदारांवरील अवलंबित्व आहे. परंतु निरक्षर म्हणून हिणविलेली स्त्री ध्वनिमुद्रण यंत्र सहज चालवू शकते, हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले.

आणि कामगार वर्गाने यापलीकडेही मजल मारली आहे. बोलिव्हियातील कथिलाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या पगारातून वर्गणी काढून स्वतःची नभोवाणी केंद्रे उभारली. संपाची हाक, हरवलेल्या मुलाची चौकशी, फुटबॉलचा सामना, सारे त्याच केंद्रावरून. १९८० च्या जुलैत लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा या केंद्रांनी एकमेकांना जोडून घेऊन, सैनिक दारात येईपर्यंत, देशाला खरी बातमी दिली. ‘लहान बाजारपेठे’च्या हिशेबात त्या खाणवस्त्यांची किंमत शून्य होती.

मराठी कामगाराला ही परंपरा अनोळखी नाही. मुंबईच्या गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लालबावटा कलापथक गात होते, तेव्हा त्याला ना मनोरा होता ना परवाना. पण गिरणगावाचा माणूस गिरणगावाशी बोलत होता, आणि म्हणूनच तो आवाज साऱ्या महाराष्ट्राला ऐकू गेला.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे. रेडिओ आणि केबल या गोष्टी कालबाह्य झाल्या. या म्हणण्यात अर्धेच सत्य आहे. फोनवरून कोणीही बोलू शकतो, पण काय पुढे ढकलायचे आणि काय दाबायचे हे परदेशी कंपनीचे यंत्र ठरविते. आणि ते कोणाला जबाबदार नाही. जानेवारी २०२० ची चित्रफीत अशाच माध्यमातून पसरली होती. स्थानिक केंद्राला पत्ता असतो, दार असते, संपादक असतो. चुकीची बातमी दिल्यास शेजारी येऊन जाब विचारतो. जबाबदारीचे हे नाते कोणत्याही यंत्राने निर्माण होत नाही. शिवाय पूर आला, वीज गेली, जाळे कोलमडले की स्वस्त रेडिओसंचच कामाला येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बातमीचा अधिकार सर्वांना दिला तर जमातवादी आणि जातीयवादी शक्तीच त्याचा प्रथम लाभ घेतील. १९९४ विसरलात काय? या धोक्याकडे डोळेझाक करता येणार नाही. परंतु द्वेष पसरविणाऱ्यांना परवान्याची वाट पाहावी लागलेली नाही. मोठमोठ्या वाहिन्या त्यांच्या सेवेला हजर आहेत. बंदीचा भार फक्त लहानांवर पडला आहे. चिथावणीविरुद्ध कायदे आहेत. ते सर्वांना समान लावावेत. केंद्राच्या व्यवस्थापनात स्त्रिया, दलित, अल्पसंख्याक आणि स्थलांतरित यांचे प्रतिनिधी असणे बंधनकारक करावे. अंधाराची भीती वाटते म्हणून दिवा विझविणे हा उपाय नव्हे.

पुढील कामे

कॉम्रेड्स, या विवेचनातून काही निश्चित मागण्या आणि कामे निघतात.

एक : सामुदायिक रेडिओवरील स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी यांची बंदी उठविली पाहिजे.

दोन : कामगार, शेतमजूर आणि महिला संघटनांना अपात्र ठरविणारी अट रद्द झाली पाहिजे.

तीन : लहान शहरांतील लहरींचा लिलाव करण्यापूर्वी त्यांचा ठरावीक हिस्सा सहकारी संस्था आणि लोकसंघटना यांच्यासाठी राखून ठेवला पाहिजे, आणि त्यांना सार्वजनिक निधीतून मदत मिळाली पाहिजे.

चार : आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या प्रादेशिक केंद्रांतील कपात थांबली पाहिजे. जिल्हा केंद्रांना वार्ताहर, कार्यक्रमगृह आणि निर्णयाचा अधिकार मिळाला पाहिजे. प्रसार भारतीचा १९९० चा कायदा १९९७ पासून अमलात आहे. त्यातील स्वायत्तता कागदावरून उतरून केंद्रापर्यंत आली पाहिजे.

पाच : हे सर्व होईपर्यंत पक्षशाखांनी वाट पाहत बसू नये. वस्तीतील भाडे, पाणी, वेतन आणि बेदखली यांच्या नोंदी ठेवणारे, वस्तीतीलच दोन-तीन साथींचे वार्तागट तयार करावेत. बातमीबरोबर पुरावा ठेवावा. वेतनपत्रक आणि ओळखपत्र यांची प्रत फुटलेल्या काचेच्या चित्राइतकीच तत्परतेने पुढे आली पाहिजे. महादेवपुऱ्यातील मराठी सभासदांनी हे काम एकट्या मराठीतून करून चालणार नाही. कन्नड शिकून, कन्नड साथींच्या बरोबरीने, आणि हिंदी, ओडिया, बंगाली बोलणाऱ्या श्रमिकांना सोबत घेऊन ते करावयाचे आहे. ज्यांना मराठीतून इतर भाषांत आणि इतर भाषांतून मराठीत मजकूर नेता येतो, त्यांच्यावर येथे विशेष जबाबदारी आहे. १९९४ साली जी संयुक्त फळी उभी राहू शकली नाही, ती उभी करण्याचा हाच मार्ग आहे.

जालहळ्ळीच्या कामगाराने प्रक्षेपक घडविला. त्यावरून काय बोलावे हे ठरविण्याचा अधिकार त्याला कधी मिळाला नाही. करियम्मन अग्रहारच्या श्रमिकांनी शहर घडविले. आपण या देशाचे आहोत एवढे सांगण्याइतकीही जागा त्यांना लहरींवर मिळाली नाही. उत्पादनाची साधने ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती आवाजाची साधने राहतात, आणि म्हणून दोन्हींसाठीचा लढा एकच आहे. लहरी जनतेच्या आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. त्या जनतेच्या ताब्यात आणणे हे न्यायालयाचे काम नाही. ते संघटित श्रमिकांचे काम आहे.

लाल सलाम!